परंड्यातलं पहिलं महायुद्ध

पहिलं महायुद्ध बाकीच्या जगात नोव्हेंबर १९१८ मध्ये संपलं. परंड्यात ते तसं संपलं नाही. इथं ते आणखी तेहेतीस वर्षं चाललं. तेवढ्या काळात गावात मोबाइलचे तीन टॉवर उभे राहिले, किल्ल्याच्या खंदकात बाभळी वाढून वठल्या, शेवटी शेवटी जिल्ह्याचं नावसुद्धा बदललं. पण फ्रान्समधल्या मार्न नदीवरची आघाडी काही हलली नाही.

याला जबाबदार अमरनाथ नावाचा नववीतला एक विद्यार्थी. १९९१ च्या सहामाही परीक्षेत ‘पहिले महायुद्ध केव्हा संपले?’ या एका मार्काच्या प्रश्नाला त्यानं ‘अजून संपले नाही’ असं उत्तर लिहिलं. इतिहासाचे पंचाक्षरी स्वामी सर पेपर तपासत होते. त्यांनी लाल पेनानं शून्य काढलं आणि समोर बसलेल्या भूगोलाच्या बिराप्पा सरांना ते उत्तर वाचून दाखवलं. बिराप्पा सर पोरांनी नकाशात उलट्या वाहवलेल्या नद्या सुलट्या करण्यात गुंतले होते. ते मान वर न करता म्हणाले, “अर्धा मार्क द्या की सर. पोरगं चुकलं कशावरनं?”

“म्हणजे?”

“म्हंजी तहावर सही करायला निघालेला मोठा माणूसच कुणी वाटंत मारला आसंल. तह मोडला. युद्ध चालू. तुमी काय तिथं हुता व्हय?”

“मारला तर कुणाचा मारला? आमचा का तुमचा?”

“तुमचा,” बिराप्पा सर म्हणाले. मिनिटापूर्वीपर्यंत त्या दोघांच्यात ‘आमचे’ आणि ‘तुमचे’ असं काही नव्हतं. पण आता झालं. स्वामी सरांकडं दोस्त राष्ट्रं आली आणि बिराप्पा सरांकडं जर्मनी. नद्या बिराप्पांच्या पाठ, सनावळ्या स्वामींच्या. त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही आणली गेली आणि पहिल्या पानावर दोस्तांचा एक बिननावाचा पुढारी रेल्वेच्या डब्यात गोळी लागून पडला. स्वामी सरांना ते लागलं. माझा माणूस तुम्ही परस्पर मारलातच कसा, असं त्यांनी विचारलं, आणि त्या वादातून पहिला नियम झाला: आपापल्या माणसाचं मरण ज्याचं त्यानं लिहायचं. दुसरा नियम असा की शाई वाळली की इतिहास. खाडाखोड नाही.

लढायांचा निकाल गाड्या लावत. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोघं किल्ल्याच्या वाटेवरच्या महानंदाबाईंच्या हॉटेलात बसत. चहा टेबलावर आला की त्यानंतर रस्त्यावरून जी पहिली गाडी जाईल तिचा नंबर बघायचा. सम आला तर दोस्तांची सरशी, विषम आला तर जर्मनांची. एकदा पहिला आला तो बिननंबरचा ट्रॅक्टर. त्या आठवड्यात आघाडीवर धुकं पडल्यामुळं कुणाला काही दिसलं नाही, असं लिहावं लागलं. इकडचा एक आठवडा म्हणजे तिकडचा एक आठवडा, असा हिशेब होता. पुढं दोघांना चष्मे लागले, मग चष्म्यातूनही दिसेना, तेव्हा नंबर वाचायचं काम महानंदाबाईंकडं गेलं. त्यांना युद्धातलं काही कळत नव्हतं आणि कोण जिंकतंय याच्याशी देणंघेणं नव्हतं, म्हणून दोघांनी एकमतानं त्यांना स्वित्झर्लंड ठरवलं.

“सर, ह्या वयात लोक देवळात बसत्यात,” महानंदाबाई म्हणायच्या.

“देवळात शत्रू मिळत नाही, बाई,” स्वामी सर म्हणायचे.

दोघं निवृत्त झाले तरी शनिवार चुकला नाही. स्वामी सरांच्या मंडळी गेल्या, मुलगा राजशेखर पुण्याला गेला, घरात सहा खोल्या आणि एक माणूस उरला. त्या माणसाला आठवड्यातले सहा दिवस शनिवारची वाट बघण्यापुरते होते.

स्वामी सरांनी युद्धात अकरा पंतप्रधान वापरले. एक जुना झाला की त्याला न्यूमोनिया करत आणि दुसरा आणत. बिराप्पा सरांचं तसं नव्हतं. त्यांनी २००३ साली ओटो लिंडनर नावाचा एक चॅन्सेलर केला आणि तोच धरून ठेवला. हा लिंडनर लहानपणी बव्हेरियात मेंढरं राखलेला होता. त्याचा डावा गुडघा दुखायचा. मंत्रिमंडळाच्या बैठकीत तो कोवळ्या काकडीला मीठ लावून खायचा. ‘जर्मनीत काकडी?’ असं स्वामी सरांनी समासात लिहिलं होतं, त्यावर बिराप्पा सरांनी नुसतं ‘हो’ लिहिलं.

बिराप्पांच्या हरणाबाई वारल्या त्या आठवड्यात चॅन्सेलरीणबाईही वारल्या. स्वामी सर मातीला गेले, तेराव्याला गेले, पण तिथं काय बोलावं ते त्यांना सुचलं नाही. वहीत मात्र त्यांनी लिहिलं की दोस्त राष्ट्रांनी तेरा दिवस सगळ्या आघाड्यांवर तोफा बंद ठेवल्या. नंतरच्या शनिवारी बिराप्पा सरांनी ते वाचलं, चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत घातला. “बरं केलं सर,” म्हणाले. बस्स एवढंच. त्यांच्या मैत्रीत याहून जास्त बोलण्याची वेळ कधी आली नाही.

मग २०२३ चा फेब्रुवारी आला. बिराप्पा सर काठी टेकत हॉटेलात आले, बसले, आणि चहा यायच्या आतच म्हणाले, “सर, तह करू.”

“कशाला?”

“वर्षाराणी बोलावती मुरुमला.” वर्षाराणी त्यांची मुलगी, मुरुमला दवाखान्यात नर्स. “म्हणती, गुडघा असा, घरात दुसरं कुणी न्हाय, पडलात तर शेजाऱ्याला दुसऱ्या दिवशी कळंल. खरं हाय तिचं. मूळ गाव तिकडंच, भावाची मेंढरं हायत, बरं वाटंल.”

“मग युद्ध?”

“म्हणून तर म्हणतो. उघडं युद्ध टाकून जाऊ नये माणसानं. जायच्या आधी मिटवू.”

स्वामी सरांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. चार शनिवार कलमांवर घासाघीस झाली. एकतीस वर्षांत खंदकांना पक्के जिने झाले होते. माणसं तिथंच जन्मत, तिथंच शिकत आणि तिथंच शिपाई होत. त्या लोकांना आता घरं कुठं द्यायची हा प्रश्न होता. बिराप्पा सर भलतेच उदार झाले होते. अल्सास सोडलं, लोरेन सोडलं. मुरुमच्या वाटेवरच्या माणसाला लोरेनचं काय! ते जसजसे सोडत गेले तसतसे स्वामी सर अडून बसत गेले. पण किती अडणार? शेवटी समोरच्यानं सगळंच दिलं. तह जिनिव्हात व्हायचा, लिंडनर स्वतः बर्लिनहून रेल्वेनं यायचा, आणि अठरा मार्चच्या शनिवारी दोघांनी महानंदाबाईंच्या टेबलावर सह्या करायच्या असं ठरलं.

वही त्या आठवड्यात स्वामी सरांकडं होती.

बुधवारी दुपारी ते जेवले, ताट घासलं, पालथं घातलं. मग वही उघडली आणि आपल्या वळणदार अक्षरात, इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले त्याच भाषेत लिहिलं:

‘जिनिव्हाकडे निघालेले चॅन्सेलर लिंडनर यांच्यावर बासल स्थानकात अज्ञात इसमाने गोळी झाडली. ते खिडकीशी बसून काकडी खात होते. ते जागीच गतप्राण झाले. परिणाम: तह लांबणीवर पडला.’

शाई वाळेपर्यंत ते फुंकर घालत बसले. तह लांबणीवर पडला की बिराप्पा जाणार नाहीत, कारण उघडं युद्ध टाकून जाऊ नये असं ते स्वतःच म्हणाले होते. बेत त्यांना बिनतोड वाटला. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या युद्धांची कारणं आणि परिणाम शिकवलेल्या माणसाकडून ही चूक झाली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

शनिवारी त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बिराप्पा सर ऐकत राहिले. रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या. महानंदाबाईंनी नंबर पुकारले. कुणी लिहिले नाहीत.

“कुणी मारलं?” बिराप्पा सरांनी विचारलं.

“अज्ञात इसमानं.”

“अज्ञात म्हंजी कोण?”

“अज्ञात म्हणजे अज्ञात. चौकशी चालू आहे.”

बिराप्पा सरांनी उरलेला चहा पिऊन टाकला, ग्लास टेबलावर पालथा घातला, काठी घेतली आणि गेले. मंगळवारी सकाळी दूध घ्यायला निघालेल्या स्वामी सरांना महानंदाबाईंनी हटकलं. “टेम्पो गेला की वो पाटंलाच. बिराप्पा सर म्होरं बसले हुते. तुमाला सांगितलं न्हाय?”

“सांगितलं होतं,” स्वामी सर म्हणाले. आयुष्यात ते पहिल्यांदाच खोटं बोलत होते असं नाही, पण इतक्या वाईट रीतीनं पहिल्यांदाच.

*

नंतरचे वीस महिने युद्ध स्वामी सरांनी एकट्यानं चालवलं. चहा यायचा, नंबर पुकारला जायचा, ते दोन्ही बाजूंचं लिहायचे. जर्मनी आता ते सांगतील तसं करू लागली. माघार म्हटलं की माघार. आज्ञाधारक शत्रूसारखी कंटाळवाणी गोष्ट नाही. त्यांनी लिंडनरच्या जागी दुसरा चॅन्सेलर आणून पाहिला. पण त्याला ना गुडघा होता, ना मेंढरं. दोन आठवड्यांत त्यांना त्याचं नावही आठवेना.

माणसं नव्हती असं नाही. निवृत्त तलाठी रामकिसन टेबलाशी येऊन बसायचे. त्यांना स्वामी सरांनी एका शनिवारी जर्मनी देऊ केली. तलाठ्यांनी वही उलटसुलट चाळली आणि विचारलं, “ह्याची नोंद कुठं करावी लागती?” कुठंच नाही म्हटल्यावर त्यांचा रस गेला. राजशेखर रविवारी फोन करायचा. जेवण झालं का, गोळ्या घेतल्या का, पुण्याला येता का. आणि तिन्ही उत्तरं त्याला आधीच ठाऊक असायची.

बिराप्पांचा फोन वाजायचा. कुणी उचलायचं नाही. कधी कधी मध्येच कट व्हायचा, म्हणजे तिकडं हात होता. स्वामी सर फोन ठेवून सहा खोल्यांतून एक चक्कर मारायचे आणि पुन्हा तिथंच येऊन बसायचे. वाईट याचं वाटायचं की माफी मागायची तरी कुठल्या भाषेत, हे त्यांना कळत नव्हतं. एकतीस वर्षांत ते दोघं तोफा, पूल, धान्याचा तुटवडा आणि कैद्यांची अदलाबदल याशिवाय कशावर फारसे बोललेच नव्हते.

उपाय त्यांना दुसऱ्या दिवाळीनंतर सुचला, आणि तो अर्थातच इतिहासातून आला. पानिपतावर पडलेले भाऊसाहेब काही वर्षांनी ‘परत आले’ आणि अर्धा मुलूख त्यांच्या पाया पडला, ही तोतयाची गोष्ट त्यांनी वर्गात शेकडो वेळा रंगवून सांगितली होती. तीच इथं उलटी लावायची. बासलला मेला तो लिंडनरचा तोतया! खरा लिंडनर मागच्या गाडीत होता. शाईला धक्का नाही, नियमाला धक्का नाही, माणूस जिवंत. स्वामी सरांनी ते तीन पानांत सविस्तर लिहून काढलं, पण पेन्सिलीनं. आणि सव्विसावी वही पिशवीत घालून सकाळच्या पहिल्या गाडीला बसले.

परंडा ते मुरुम म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. बार्शीला गाडी बदलली, तुळजापूरला बदलली. तुळजापूरहून शेजारी एक बाई कपाळभर कुंकू आणि मांडीवर परडी घेऊन बसली. “कुठं निघालाव बाबा?” तिनं विचारलं.

“तह करायला.”

“करून टाका,” ती म्हणाली. “भावाभावात ताणू नये.”

नळदुर्ग गेलं तशी मातीही काळी होत गेली आणि गाडीतलं बोलणं अर्धं कानडी झालं. स्वामी सर पिशवी पोटाशी धरून बसले होते. माणूस भेटला नाही तर काय, एवढा एकच विचार त्यांनी सहा तास केला.

*

दार वर्षाराणीनं उघडलं. दवाखान्यातून नुकतीच आलेली दिसत होती.

“मी स्वामी. परंड्याचा.”

तिनं त्यांना खाली-वर पाहिलं. मग आतून वडिलांचा फोन आणला, त्यावर बोट फिरवलं आणि स्क्रीन त्यांच्यापुढं धरली. त्यांचाच नंबर होता. वर नाव होतं: शत्रू.

“हे तुमीच व्हय?”

“मीच,” स्वामी सर म्हणाले.

“अवो, मला वाटलं बांधावरनं वैर आसंल कुणाशी! अप्पांचं बीपी वाढंल म्हणून सहा म्हयने मीच कट करत हुते.” तिचा चेहरा पडला. “मंग एकदा सांगितलं अप्पांना, की ह्यो शत्रू लई फोन करतोय. तर म्हणले, वाजू दे. वाजतंय तवर बरं हाय.”

बिराप्पा सर मागच्या अंगणात लिंबाखाली खुर्चीत बसले होते. वाळले होते. भिंतीपलीकडं मेंढरांचा आवाज येत होता. त्यांनी स्वामी सरांकडं पाहिलं आणि जणू मागच्याच शनिवारी भेट झाली होती अशा आवाजात म्हणाले, “बर्री सर, बर्री. या, बसा. कुठली गाडी?”

“साडेसहाची.”

“तुळजापूरला गर्दी आसंल.”

“होती.”

वर्षाराणी चहा ठेवून गेली. स्वामी सरांनी पिशवीतून वही काढली, घसा साफ केला आणि तोतयाची तीन पानं वाचून दाखवली. मागच्या गाडीतल्या खऱ्या लिंडनरपाशी आले तेव्हा त्यांचा आवाज जरा चढला होता.

बिराप्पा सरांनी सगळं ऐकून घेतलं. “छान लिवलंय,” म्हणाले. “पर नगं.”

“का? नियमात बसतंय.”

“बसतंय की. पर म्या त्येचं सुतक धरलंय, सर. तेरा दिवस. आता तोतया म्हणून कसं परत घेऊ? आन मरण लई झोकात लिवलं हुतं तुमी. ती काकडी. दुसरा कुणी आसता तर काकडी इसरला आसता.”

स्वामी सरांनी वही मिटली.

“म्या त्येला ऐंशीव्या वर्षी मारणार हुतो,” बिराप्पा सर म्हणाले. “बव्हेरियात. मेंढरांत बसल्या बसल्या. माझ्याजवळ सगळं तयार हुतं. माझ्या माणसाचं मरण म्या लिवायचं, आसं ठरलं हुतं ना आपलं? तेवढंच लागलं. बाकी युद्धात काय, हुतंच.”

“चुकलं माझं,” स्वामी सर म्हणाले. हे दोन शब्द परंड्याहून आणलेल्या तीन पानांत कुठंच नव्हते.

“उशाखाली एक वही हाय. आणा.”

लिंबाखालीच टाकलेल्या बाजेवर उशीखाली पातळशी शंभर पानी वही होती. वर लिहिलं होतं: ‘लिंडनर खून चौकशी आयोग. अहवाल.’ स्वामी सर उभ्यानंच वाचू लागले. आयोगाला सात वेळा मुदतवाढ देण्यात आली होती. अध्यक्षांना गुडघेदुखीमुळं घटनास्थळी जाता आलं नव्हतं. एकोणीस साक्षीदार तपासले होते. त्यातली बासल स्थानकावरची चहावाली म्हणाली होती की मला गाड्यांचे नंबर विचारा, माणसांचं मला काही ठावं न्हाय. निष्कर्ष शेवटच्या पानावर होता.

‘मारेकरी दोस्त राष्ट्रांचा रहिवासी असून पेशाने शिक्षक आहे. तो घरी एकटाच राहतो. त्याचा कोणताही राजकीय हेतू आढळून आला नाही. गाडी पुढे जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू होता. आयोग त्यास दोषी धरतो. शिक्षा: मारेकऱ्याने समक्ष हजर होऊन तहावर सही करावी.’

स्वामी सर खाली बसले. बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला.

“कधीपासून कळलं होतं?”

“तवाच की. ग्लास पालथा घालतानाच. थांबलो आसतो तर रडू आलं आसतं, आन महानंदाबाईंनी गावभर केलं आसतं.”

“मग फोन का नाही उचललात?”

“उचलून काय बोलणार हुतो, सर? तुमी तरी काय बोलणार हुता?”

बिराप्पा सरांनी अहवालाच्या मागून दुमडलेले दोन कागद काढले. मध्ये कार्बन होता. आता बाजारात फारसा मिळतही नाही, एक तुकडा त्यांनी जपून ठेवला होता. जिनिव्हाचा तह. सगळी कलमं तीच, फेब्रुवारीत ठरलेली. खाली डावीकडं जर्मनीतर्फे सही झालेली होती. उजवीकडची रेघ मोकळी होती. वीस महिने मोकळी होती.

स्वामी सरांनी पेन काढलं. टोपण काढलं. रेघेवर नेलं आणि थांबले. एकदा सही केली की आघाडी नाही, शनिवार नाही, गाड्यांचे नंबर म्हणजे नुसते नंबर. मग ह्या माणसाशी बोलायला आपल्याकडं काय उरतं?

“चौथ्या कलमात नदीचं नाव…” ते म्हणाले.

“बराबर हाय.”

“खंदकातल्या लोकांच्या घरांचं अजून…”

“सर,” बिराप्पा सर म्हणाले, “परतीची गाडी चुकंल तुमची.”

स्वामी सरांनी सही केली. कार्बन उचलून पाहिला. खालच्या प्रतीवर नाव उमटलं होतं, जरा पुसट, पण उमटलं होतं. वरची प्रत बिराप्पांनी ठेवली, खालची स्वामी सरांनी घेतली. पहिलं महायुद्ध अशा रीतीनं मुरुमला लिंबाच्या झाडाखाली, दुपारी अडीचच्या सुमारास संपलं. त्या वेळी हजर असलेल्या तिसऱ्या माणसानं, म्हणजे वर्षाराणीनं, चहाचे कप उचलले.

त्यानंतर दोघं तासभर बसले होते. स्वामी सरांना ज्याची भीती होती तेच झालं.

“गुडघा कसाय?”

“हाय.”

“गोळ्या?”

“चालू हायत. राजशेखर?”

“पुण्यातच.”

“बरं हाय ना?”

“बरं आहे.”

मेंढरं ओरडली. लिंबाची पानं पडली. तह झालेल्या दोन राष्ट्रांकडं एकमेकांना सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि तरी दोघांपैकी कुणालाही उठवत नव्हतं. शेवटी वर्षाराणीनंच घड्याळ दाखवलं.

बिराप्पा सर काठी टेकत दारापर्यंत आले. नर्स मुलगी मागून “अप्पा, हळू” म्हणत होती. “परत या,” ते म्हणाले.

“येतो की,” स्वामी सर म्हणाले. जाऊन-येऊन बारा तासांची वाट, तीन गाड्या, एकाचं वय चौऱ्याहत्तर, दुसऱ्याचा गुडघा. इतका भूगोल इतिहासाच्या मास्तरांनाही कळत होता.

“फोनमधलं नाव बदलायला सांगू का पोरीला?” बिराप्पा सरांनी विचारलं.

स्वामी सर उंबऱ्यावर थांबले. “राहू द्या,” म्हणाले. “पण उचलत जा.”

*

शनिवारी ते नेहमीच्या वेळी हॉटेलात गेले. पिशवीत कोरी वही होती. का घेतली होती ते त्यांनाही सांगता आलं नसतं. महानंदाबाईंनी चहा ठेवला, पदरानं हात पुसत रस्त्याकडं तोंड केलं आणि सवयीनं ओरडल्या, “चव्वेचाळीस! सम हाय सर. तुमचं!”

“आता कुणाचं नाही, बाई. तह झाला.”

“अगं बया! भेटले का बिराप्पा सर? कसं हायत?”

“बरे आहेत.”

“आन मंग आता?”

“आता शांतता.”

“शांततेत काय करत्यात?” महानंदाबाईंनी खरोखरच विचारलं.

स्वामी सरांनी विचार केला. पुस्तकात शांततेला फार तर दीड ओळ असायची आणि ती ते परीक्षेला कधी विचारत नसत. त्यांनी वही उघडून वर तारीख घातली. फोन काढून टेबलावर ठेवला. सकाळी एकदा लावला होता; बिराप्पांनी उचलला, दोघांनी दोन वेळा हॅलो म्हटलं, हवा कशी आहे ते विचारलं, आणि ठेवला. परत लगेच लावणं बरं दिसलं नसतं.

गिऱ्हाईक आलं तशा महानंदाबाई आत गेल्या. मागून एक जीप आली. नंबर सांगायला कुणी नव्हतं, म्हणून स्वामी सरांनी डोळे बारीक करून तो स्वतःच वाचला. विषम होता. बिराप्पांचा. जीप कुर्डुवाडीच्या रस्त्याला वळेपर्यंत ते तिच्याकडं बघत राहिले.